खालच्याची मेणबत्ती

वडील माझगावच्या खोलीत अंथरुणाला खिळले, तेव्हा माझं देवाशी बोलणं बंद होतं. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती, मी विशीतली, आणि देवानेच येऊन माझी समजूत काढावी अशी माझी अपेक्षा. डॉक्टरांनी आशा सोडली होती. वडिलांनी एवढंच मागितलं, की आपल्या गावी, सांडोरला जाऊन तुझ्या आईच्या कबरीवरची मूठभर माती आण आणि माझ्याबरोबर पूर. मी रांगत होते तेव्हा आई तापाने गेली. त्यानंतर मला कडेवर घेऊन त्यांनी गाव सोडलं, ते पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत.

नोव्हेंबरात, घरोघरची माणसं कबरींवर मेणबत्त्या लावतात त्या मृतांच्या दिवशी मी निघाले. कशी, तर टाचेच्या चपला घालून आणि कागदी फुलांचा हार घेऊन. ज्या गावची फुलं मुंबईला विकायला येतात, त्या गावाला मी कागदाची फुलं नेत होते! टाचा वाळूत रुतत होत्या, पण मान ताठ.

कुंपणाजवळचं उंडीचं झाड, त्याच्या बुंध्याशी आई, अशी वडिलांची खूण होती. झाड सापडलं. बुंध्याशी नवा लाकडी क्रूस होता, त्यावर कुणा पुरुषाचं नाव, आणि लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी गवत उपटत बसलेली. माझ्या आईची जागा बळकावलीत म्हणून मी तिला असं फैलावर घेतलं, की आजूबाजूच्या कबरींवरची माणसं प्रार्थना थांबवून बघू लागली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि थोडं सरकून मला बसायला जागा दिली.

मग तिने सांगितलं. कबरस्तान लहान, गावची मरणं फार. काही वर्षं गेली की जुनी हाडं खाली सारून त्याच खड्ड्यात दुसऱ्याला ठेवतात. गावातल्या पोरासोराला ठाऊक असलेली ही रीत मला ठाऊक नव्हती. केळीला पाणी लावताना तिच्या तरण्या मुलाला साप चावला होता. तो इथे होता.

क्रुसापाशी दोन मेणबत्त्या जळत होत्या. दुसरी कुणाची, मी विचारलं.

"खालच्याची," ती म्हणाली. "माझा पोर कोनाच्या तरी कुशीत निजलाय, बाय. त्याला अंधारात कसा ठेवू?"

"पण ती माझीच आई कशावरून?"

"तुझी नसंल तर दुसऱ्या कोनाची आसंल. माती उचल. बाप वाट बघत आसंल."

तिथे माझा ताठा गळाला. किती तरी वर्षांनी मी गुडघे टेकले. तिने माती केळीच्या खोडाच्या सोपटात बांधून दिली आणि माझा कागदी हार क्रुसाला घातला. हसली नाही. मी असते तर हसले असते.

ती आईचीच माती असेल का, ही शंका वडिलांना सांगायची असं वाटेत ठरवलं होतं. त्यांनी सोपट उघडून मातीचा वास घेतला. मी एवढंच सांगितलं, की तिथे एक म्हातारी खालच्यासाठीही मेणबत्ती लावते.

"म्हणजे ती एकटी नव्हती," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्याबरोबर ती माती गेली, आईची आणि त्या परक्या पोराचीही. कुणाची किती, ते ज्याने कालवली त्याला ठाऊक. मी विचारायचं सोडलं आणि त्याच्याशी पुन्हा बोलू लागले. तेव्हापासून कोणत्याही कबरीवर मी दोन मेणबत्त्या लावते. आता माझीच पाळी जवळ आली आहे. माझ्यावर कुणाला निजवायचं ते देव ठरवील. माझी काही तक्रार नाही, फक्त त्या माणसाच्या घरच्यांनी टाचेच्या चपला घालून येऊ नये.