मामूंच्या छातीतला घोडा

मामूंची जीप मधेच थांबायची. केजहून युसूफ वडगावला निघालेली, आत माणसं कोंबलेली, आणि अचानक ती रस्त्याच्या कडेला घेऊन मामू उतरायचे. बॉनेटला टेकून उभे राहायचे, मग टायरांना एकेक लाथ घालून परत येऊन बसायचे. कुणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं : "घाई असंल तर काल निघायचं व्हतं." वडगावच्या शाळेत शिकवण्यात माझी उभी हयात गेली, रोजचं जाणं-येणं जीपनंच, पण टायरांचे इतके लाड करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या जीपमध्ये पुढची सीट आजाऱ्याची किंवा पोटुशा बाईची. एकदा एका पुढाऱ्याच्या भाच्यानं तिथं बूड टेकलं. मामूंनी किल्ली काढून खिशात घातली आणि चहाला निघून गेले. भाचा मागं सरकेपर्यंत जीप हलली नाही. असा खमक्या माणूस स्वतःच आजारी असेल हे कुणाच्या डोक्यात कसं यावं?

एका दुपारी जीप थांबली तेव्हा पाय मोकळे करायला मीही उतरले. मामू बॉनेट घट्ट धरून उभे होते, शर्ट घामानं चिंब, गळ्यापाशी शीर थडथड उडत होती. "छातीत घोडा सुटतो, बाई," ते पुटपुटले. "थोड्या वेळानं आपोआप उभा ऱ्हातो. कुनाला सांगू नका. लोक माझ्या जीपीत बसायचे न्हाईत." मला वाईट वाटलं, पण त्याहून संताप जास्त आला. मागं बायापोरांनी जीप भरलेली, आणि हा बाबा असली छाती घेऊन स्टेअरिंग धरतोय! दवाखाना दाखवा, नाहीतर मीच स्टँडवर बोंब मारते, असं तोंडावर सांगितलं. मामू कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण दवाखान्यात गेले.

तिथल्या मशीनच्या पट्टीत घोडा सापडला, ठोके आवरायची गोळी सुरू झाली. मग संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. समजून घ्यायला सोबत मी होतेच. डॉक्टर म्हणाले, हृदयात विजेची एक जादा वाट आहे, ठोके तिच्यावरून गोल गोल पळतात. जांघेतून बारीक वायर आत घालून ती वाट जाळून टाकायची. फक्त आधी काही दिवस ठोक्यांची गोळी बंद ठेवा, म्हणजे दुखणं आम्हाला सापडेल.

ठरल्या दिवशी मामू दाढी करून, अत्तर लावून, कडक इस्त्रीच्या शर्टात हजर. आपल्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे पाहुण्यांकडे गेल्यासारखंच नीटनेटकं जायचं. त्यांच्या बायकोनं, आमच्या मुमानीनं, तर त्याच्याही पुढची मजल मारली होती. डॉक्टरपुढं माणूस बरा दिसावा म्हणून बंद केलेली गोळी ती रोज बाकीच्या गोळ्यांत घालून देत होती, आणि मामू तिच्या हातून येईल ते न बघता गिळत होते. झालं! टेबलावर डॉक्टरांनी नाना तऱ्हेनं डिवचलं, पण घोडा उठेचना. शेवटी ते बाहेर येऊन चौकशी करू लागले, तेव्हा मुमानीनं अभिमानानं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर कपाळाला हात लावून बाकावर बसले. म्हणाले, "मावशी, मला तुमचा नवरा आजारीच पाहिजे होता." मुमानी पदरात तोंड लपवून रडली. मामू तिला एका शब्दानं बोलले नाहीत.

दुसरी तारीख मिळाली. या खेपेला गोळी खरोखरच बंद, घोडा कधीही सुटणार, म्हणून मामूंनी स्टेअरिंगही सोडलं. लोक विचारायला लागले, जीप उभी का? मला वाटलं, मामू म्हणतील क्लच गेला. पण मामूंनी स्टँडवर सगळ्यांदेखत खरं ते सांगितलं : टायर बघायला नाही, छाती धरायला उतरत होतो.

पुढं टेबलावर काय झालं ते मामू खूप रंगवून सांगत. माणूस जागाच असतो म्हणे. "त्यांनीच घोडा सोडला, बाई. इचारलं, ह्योच का? म्हनलं, ह्योच हाय, धरा. मंग आत असा चटका बसला, आन् एकदम शांत. मला वाटलं, मेलो." नंतर वायर घातलेला पाय हलवायचा नव्हता, तर मुमानी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून बसून राहिली.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. मामूंनी जीप धुतली, स्टँडवर नंबरात लावली. माणसं आली, कसं हाय मामू म्हणून मायेनं विचारलं, आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसली. माझं काळीज तुटलं. मी बसले, पण एका बाईनं का जीप भरते? दुसऱ्या दिवशीही तेच. मग एका सकाळी मुमानी चालत स्टँडवर आली आणि मधल्या सीटवर जाऊन बसली. मामूंनी विचारलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, "वडगावला." वडगावात तिचं कुणी नव्हतं, हे अख्ख्या स्टँडला ठाऊक. त्या दिवशी ती प्रत्येक फेरीला गेली आणि आली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. हळूहळू बाया तिच्याशेजारी बसायला लागल्या, मग बाप्येही. जीप पुन्हा कोंबून भरू लागली तेव्हाच मुमानी घरी बसली.

त्यानंतर मामूंनी बरीच वर्षं जीप चालवली. यंदाच्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि गेले. मी घरी गेले तेव्हा मुमानी भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात हातात घेतला. तशी ती म्हणाली, "माझा हात त्यांच्या छातीवरच व्हता, बाई. ठोके नीट पडत व्हते. नीट पडत पडतच थांबले."