रोदित्साचा शिक्का

ब्रेदाचा राग नवऱ्यावर होता, गुडघ्यावर होता आणि समुद्रावरही होता. समुद्राने तिचं काही वाकडं केलं नव्हतं, पण दर उन्हाळ्याची रजा त्यानेच खाल्ली. क्रोएशियाचा तोच किनारा, त्याच झाडाखाली तोच कॅरव्हॅन, वाटेत गाडीत खायचे तेच तळलेले कटलेट. नवऱ्याला, सिल्वोला, त्यातच स्वर्ग दिसे. श्कोफ्या लोका या गावच्या पोस्टात खिडकीमागे बसून ब्रेदाने जन्मभर पाकिटांवर शिक्के मारले, आणि उरल्यासुरल्या रविवारी डोंगर चढून वहीत शिक्के जमवले. "पोस्टात मारून हौस फिटली नाही का तुझी?" असं सिल्वो दरवेळी विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

वही म्हणजे तिची डोंगरवाटेची रोजनिशी. माथ्यावर लोखंडी पेटीत शिक्का ठेवलेला असतो. तो उमटवायचा आणि खाली हवा, सोबत, मनात येईल ते लिहायचं. आता एकच पान शिक्क्यावाचून राहिलं होतं, रोदित्सा डोंगराचं. मागे एकदा ती माथ्याच्या अगदी खाली पोचली होती, पण दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्राला निघायचं म्हणून तशीच परत फिरली. 'घरी घाई', एवढंच तेव्हा लिहिलं. यंदा थंडीआधी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर डोंगराचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तर नेमकं यंदाच सिल्वो म्हणाला, मीही येतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला बरं वाटायला हवं होतं, पण धास्तीच वाटली.

रोपवेने वर जाईपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे धारेवरून चालताना तो घडीघडी थांबे, धापा टाके आणि अजून किती म्हणून विचारे. उतार लागला की तिच्या गुडघ्यातली कळ मस्तकात जाई, तरी पुढे ती आणि मागे तोच. माथ्यावर तिने पेटी उघडली. शिक्का होता. शाईचं पॅड वाळून दगड झालेलं. त्याचं तिला नवल नव्हतं. पेटीतलं पॅड वाळलेलंच असतं, म्हणून डोंगरात जाणारा जो तो आपापलं नेतो. तिने पिशवीत हात घातला. सलामी सॉसेज घातलेला पाव लागला, एक बाटली लागली, पॅड काही लागेना.

"ते डबडं होय?" सिल्वो म्हणाला. "मी काढून ठेवलं घरी. बाटली मावत नव्हती. म्हटलं, वर असेलच की."

ब्रेदाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने शिक्क्यावर थुंकून पाहिलं, जीव खाऊन दाबून पाहिलं. कागदावर नुसता खळगा पडला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म शेजारी बसून पाव खात होतं.

तिचा चेहरा पाहून सिल्वोने पाव खाली ठेवला. बाटलीत त्याने घरी घातलेली ब्लूबेरीची दारू होती, गर्द जांभळी. ती त्याने झाकणात ओतली आणि यात बुडव म्हणाला. पुसट शिक्क्याचं पाकीट दिसलं की सहकाऱ्यांना फैलावर घेणाऱ्या बाईने शिक्का दारूत बुडवला. पानावर जांभळा डाग पसरला.

"दिसतंय की नाव," सिल्वो म्हणाला.

"नाही दिसत."

तिने पेन काढून खाली लिहिलं. सिल्वोने खांद्यावरून वाकून वाचलं: 'हवा स्वच्छ. सिल्वो सोबत. पॅड त्याने घरी ठेवलं.'

"एवढ्या वहीत माझं नाव पहिल्यांदा आलं," तो म्हणाला, "आणि ते असं?"

"आधी यायचं होतंस."

त्याला हसू आलं नाही. तिला मात्र रडू आलं, रागाचंच. दारू वाळेना, त्यामुळे वही मिटताही येईना. तिने ती तशीच उघडी धरली, आणि सिल्वो तिच्यासमोर गुडघे टेकून पानावर फुंकर घालू लागला.