आपला कप, आपणच धुवा

कागदी कपांचा मला मनापासून राग होता आणि अजूनही आहे. आमच्या विद्यापीठाच्या आवारात सकाळी वारा सुटला की हे कप कॅन्टीनपासून ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत घरंगळत यायचे. मी ग्रंथालयात नोकरीला, त्यामुळे दिवसाची सुरुवातच कप उचलण्याने. नावालाच कागदी, आतून प्लास्टिकचं अस्तर असतंच. कॅन्टीनमागच्या उकिरड्यावर गायी ते चघळत उभ्या असायच्या आणि पावसाळ्यात उरलेले नाल्यातून थेट गोदावरीकडे निघायचे. पर्यावरणाचे प्रकल्प करणारी आमचीच मुलं चहा संपला की कप चुरगाळून कुंडीत खुपसत. बघितलं की माझं डोकं फिरायचं. "अरे, घरी पण असंच करता का रे?" म्हणून मी ओरडायचे. मुलं "सॉरी मॅडम" म्हणायची आणि पुढच्या कुंडीत खुपसायची.

तर प्लास्टिकमुक्तीची समिती झाली तेव्हा मी न बोलावता जाऊन बसले. कागदी कप बंद. प्रत्येकाने घरून आपला कप आणायचा, चहा प्यायचा, नळावर विसळायचा आणि परत न्यायचा, असं ठरलं. एका विद्यार्थिनीने सुरेख अक्षरांत फलक रंगवला : 'आपला कप आणा, आपणच धुवा!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

माझे वडील तेव्हा रोज दुपारी ग्रंथालयात यायचे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आई गेल्यावर नांदगावकडचं गाव सोडून ते पंचवटीत माझ्याकडे राहायला आले आणि दिवसभर एकटे बसून विसरायला लागले. कधी शेजाऱ्यांच्या कुलपाला आमची किल्ली लावत बसायचे. डॉक्टर म्हणाले, यांना माणसांत ठेवा, बोलतं ठेवा. म्हणून जेवणं झाली की मी त्यांना रिक्षाने बोलावून घ्यायचे. ते पेपर वाचत आणि चहाच्या वेळेला कॅन्टीनच्या बाकावर जाऊन बसत. निफाडची, पेठ-सुरगाण्याची मुलं त्यांच्याभोवती जमत. कॅन्टीनवाला त्यांना गुरुजी म्हणायचा. तिथून परत येताना दादांचा चेहराच वेगळा असायचा, सगळी नावंबिवं बिनचूक सांगायचे.

चहा ते इतका सावकाश पीत की कागदी कप खालून मऊ पडायचा. "दादा, घरून स्टीलचा पेला देऊ का?" मी विचारायचे. "नको गं, ह्योच बरा. प्यायचा आन् फेकून द्यायचा, लय भारी." मी कपाळावर हात मारून घ्यायचे. मी गावभर कप वेचत फिरतेय आणि आमच्या घरात हे!

फलक लागला त्या दिवशी दादा कॅन्टीनपर्यंत गेले आणि चहा न घेताच परत आले. दुसऱ्या दिवशी पाय दुखायला लागले. मग ऊन लागायला लागलं. मग ते आलेच नाहीत. मी त्यांच्यासाठी निळ्या फुलांचा कप विकत आणला, त्याला पिशवी शिवली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. शेवटी माझा संयम सुटला आणि मी तोंड सोडलं. "सगळं विद्यापीठ आपापला कप आणतं, मोठे मोठे साहेब आणतात, तुम्हालाच काय जड होतंय? म्हातारपणी एवढा हट्ट बरा नव्हे, दादा!"

ते म्हणाले, "आमच्या गावच्या हॉटेलात असंच व्हतं."

आणि त्यांनी सांगितलं, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही बौद्ध. दादा लहान असताना गावच्या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीला खिळे होते आणि आमच्या वस्तीतल्या माणसांचे टवके उडालेले कप त्या खिळ्यांना टांगलेले असत. बाहेरच उभं राहायचं, कप काढायचा, मालक वरून चहा ओतणार. प्यायचा, आपणच धुवायचा, परत खिळ्याला लावायचा. एकदा दादांनी चुकून आतला कप उचलला. मालकाने तो त्यांच्यासमोर दगडावर फोडला.

"मारलं नाय, शिवी पण नाय दिली," दादा म्हणाले. "नुसतं म्हनला, आपला कप घ्यायचा, आपला आपन धुवायचा. मंग हे कागदाचे आले. सगळ्यांना सारखेच. पिऊन झालं की सगळ्यांचे एकाच डब्यात. कुनाचा कंचा, काय कळत नाय. मला लय बरं वाटायचं गं."

फलक रंगवणाऱ्या पोरीचा मला राग आला नाही; तिला बिचारीला काय ठाऊक. पण माझ्या बापाला ते शब्द पुन्हा वाचावे लागले, या वयात, माझ्याच आवारात, याने जीव जळत राहिला. आणि गायी तर खोट्या नव्हत्या, नालाही खोटा नव्हता. कागदी कप परत आणा म्हणायला माझी जीभ रेटेना.

मी समितीत म्हटलं, कॅन्टीननेच काचेचे ग्लास ठेवावेत, सगळ्यांना एकसारखे, आणि कॅन्टीननेच ते गरम पाण्यात धुवावेत. लगेच सुरू झालं : पाणी कुठून आणायचं, धुणार कोण, फुटले तर काय. एक सर म्हणाले, "मॅडम, कुणाचाही उष्टा ग्लास कसा वापरायचा?" "कुणाचाही म्हणजे कुणाचा, सर?" मी नको तेवढ्या जोरात विचारलं. त्यांच्या मनात फक्त जंतू होते, हे मला कळत होतं. पण घरातलं दुःख त्या टेबलावर मांडायची माझी तयारी नव्हती. बैठकांवर बैठका झाल्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि तेवढ्या काळात दादा घरात बसून आटत गेले. जेवलो की नाही तेही आठवेना. कधी कधी मलाच विचारायचे, "बाई, तुमी कुनाच्या?"

थंडीत एकदाचे ग्लास आले. त्या दुपारी मी स्वतः दादांना रिक्षातून घेऊन आले आणि कॅन्टीनच्या आत, मधल्या टेबलापाशी बसवलं. ओळखीची मुलं धावली, "गुरुजी, किती दिवसांनी!" दादांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली, चहा प्याले आणि खुदकन हसले. मला वाटलं, जिंकलो बाई एकदाचे.

मग ते ग्लास घेऊन उठले. नळावर गेले आणि आतून बोट फिरवून फिरवून तो धुवायला लागले. कॅन्टीनवाला धावत आला. "अहो गुरुजी, राहू द्या. आम्ही धुतो सगळ्यांचे."

दादा अंग चोरून बाजूला सरकले. "नाय मालक," ते आपल्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाला म्हणाले, "आमचं आमी धुतो."

ओला ग्लास घेऊन ते बाहेर आले आणि भिंतीवरून तळवा फिरवत चालायला लागले.

"दादा, काय शोधताय?"

"खिळा कुठं गेला वं बाई? कप लावायचाय."

मी त्यांचा हात धरला आणि सगळ्या मुलांसमोर रडायला लागले. दादा घाबरून आत बघत होते आणि मलाच हळूच समजावत होते, "रडू नका बाई, मालक रागवंल."