काळीचे कागद

बाबा गेले तेव्हा मागे तीन जुन्या फटफट्या ठेवून गेले आणि एकाही गाडीचा चालू कागद ठेवला नाही. एक काळी, एक हिरवी, एक लाल. तिन्ही एकाच बनावटीच्या, वर्षभराच्या अंतराने जन्मलेल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. सक्करदऱ्याच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्या उभ्या असायच्या. बाबा रोज काळी चालवायचे. तिची नोंदणी कधी संपली हे त्यांनी पाहिलं नाही आणि विमा ही श्रीमंतांची हौस आहे असं त्यांचं मत होतं. नोकरी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायची. पोलिसाने अडवलं की ते त्याला त्याच्या घरचं बिल जास्त का येतं ते समजावून सांगायचे आणि पुढे निघायचे.

मला भाऊबहीण नाही, म्हणून हा वारसा माझ्या गळ्यात पडला. मी बँकेत काउंटरवर बसते. गेली बावीस वर्षं मी लोकांना एका झेरॉक्ससाठी परत पाठवत आले आहे, तेही हसून. तेव्हा आरटीओ माझं काय वाकडं करणार, अशा तोऱ्यात मी होते.

आईचं मागणं एवढंच होतं. "तिन्ही विकू नको वं. एक ठेव. आवाज तरी राहीन घरात."

हा आवाज म्हणजे काय ते सांगायला हवं. संध्याकाळी बाबांची गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की आई हातातलं टाकून उठायची आणि गॅसवर तवा ठेवायची. ते गाडी लावून, हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत पहिली पोळी उतरलेली असायची. गल्लीत तशाच आणखी दोन फटफट्या होत्या. त्यांच्या आवाजाला आई कधी फसली नाही.

मला वाटलं, एक कशाला, तिन्ही नियमात बसवू. पेपरात वाचलं होतं की जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळा मान मिळतो. आरटीओबाहेर कडुलिंबाखाली घडीचं टेबल टाकून एक एजंट बसतो, त्याच्याकडे गेले.

"ताई, व्हिंटेजले पन्नास वर्षं लागते. तुमची सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"मग तीन वर्षं थांबते."

"थांबा न. पण व्हिंटेज झाल्यावर रोज चालवता येत नाही. रॅलीत न्यायची, प्रदर्शनात उभी करायची."

म्हणजे साधी गाडी म्हणून जगायला ती म्हातारी, आणि म्हातारी म्हणून मान घ्यायला अजून पोरगी. माझ्या वयाच्या बायकांचंही साधारण असंच असतं, त्यामुळे मला नियम लगेच समजला.

राहिलं साधं नूतनीकरण. एजंटाने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी केली. वारसाच्या नावावर करायची फी, नूतनीकरणाची फी, उशिराचा दंड, गाडी जुनी म्हणून पर्यावरणाचा कर, तपासणी, पीयूसी, आणि शेवटी 'इतर'. इतर म्हणजे तो स्वतः. हे सगळं गुणिले तीन. बेरीज पाहून मला बाबांची फार आठवण आली. बाबा समोर असते तर चार शब्द ऐकवता आले असते.

विम्याची गंमत आणखी वेगळी. विमावाले म्हणाले, नोंदणी चालू नाही तर विमा नाही. नोंदणीच्या खिडकीवर म्हणाले, विमा नाही तर नोंदणी नाही. दोन्हीकडे माझ्यासारखीच माणसं बसली होती आणि हसून परत पाठवत होती. आपल्या धंद्यातली माणसं इतकी तयारीची पाहून मला अभिमान वाटला. चार फेऱ्यांनंतर एजंटाच्या ओळखीचा एक विमावाला भेटला, तो तयार झाला.

"तुमच्या गाडीनं कोणाले ठोकलं तर त्याची भरपाई कंपनी देईन," तो म्हणाला.

"आणि माझ्या गाडीला कोणी ठोकलं तर?"

"ताई, गाडीची किंमत तर कम्प्युटर झीरो दाखवून राहिला. झीरोचं काय नुकसान होते?"

या झीरोसाठी मी तीनदा पैसे भरणार होते. मग मी शहाणी झाले. फक्त काळी ठेवायची असं ठरवलं. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेल्या एका हौशी माणसाने हिरवी घ्यायचं कबूल केलं, कागद मी करून घेईन म्हणाला. लाल गाडी बाबांच्या नेहमीच्या, महाल भागातल्या मिस्त्रीला काळीच्या दुरुस्तीच्या मजुरीपोटी द्यायची ठरली. आईला सांगितलं, काळी राहते आहे, तू काळजी करू नको. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने कागद हातात घेतला, वाकून इंजिनवरचा नंबर वाचला, पुन्हा कागद पाहिला. नंबर जुळत नव्हता. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच गाडी चोरून आणली.

मिस्त्रीने तिन्ही गाड्या तपासल्या आणि उलगडा झाला. काळीत इंजिन हिरवीचं होतं, हिरवीत लालचं, आणि लालमध्ये काळीचं. आमचे आजोबा उमरेडला विणकर. घरात तीन माग होते, आणि सुताचा भरवसा नसला तरी एक माग चालूच राहिला पाहिजे हा घरचा दंडक. एकाचं काही मोडलं की दुसऱ्याचं काढून लावायचं. बाबांनी माग सोडून नोकरी धरली, पण डोकं मागावरच राहिलं. तीन गाड्या त्यांनी हौसेपायी घेतल्याच नव्हत्या. एक चालू राहावी म्हणून दोन ठेवल्या होत्या.

इंजिन बदलल्याची नोंद करून घेता आली असती. त्याला आणखी फॉर्म, आणखी फी, आणखी 'इतर' लागलं असतं. ज्याचं त्याला परत लावणं स्वस्त होतं.

मिस्त्री हात पुसत उभा राहिला. "ताई, एक विचारू? हिरवीचं इंजिन काळीत वीस वर्षं झाली. म्याच बसवलं होतं. बाबाजी त्यालेच चालवत होते. आता ते हिरवीसंगं जाईन. चालते न?"

"कागदाप्रमाणे करा," मी म्हणाले.

"पाहा बरं ताई."

"कागद वीस वर्षं वगैरे मानत नाही," मी म्हणाले, आणि माझं हे वाक्य मला तेव्हा आवडलंही.

काळी पास झाली. नोंदणी झाली, विमा झाला, माझं नाव चढलं. मी स्वतः ती चालवत घरी आणली. कोपऱ्यावरून फाटकापर्यंत आले तरी घरात काही हाललं नाही, म्हणून हॉर्न वाजवला. आई पदराला हात पुसत बाहेर आली, गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं आणि थोडं थांबून म्हणाली, "हे तीच होय न वं?"

मी तिला फाइल दाखवली.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, आई माझ्यासमोर बसून लसूण सोलत होती. गल्लीच्या कोपऱ्यावर एक फटफटी वळली. आई बोलता बोलता उठली आणि आत गेली. गॅस पेटला, मग तवा ठेवल्याचा आवाज आला. मी बाहेर आले. फाटकाशी हिरवी उभी होती.

"मॅडम, ट्रान्सफरच्या फॉर्मवर तुमच्या सह्या राहिल्या होत्या," गांधीबागेतला तो हौशी माणूस म्हणाला. बिनकागदाची गाडी चालवत तो कागदावर सही घ्यायला आला होता. एरवी यावर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मी फक्त फॉर्मसाठी हात पुढे केला.

आई लाटणं घेऊन दारात आली. तिने हिरवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"जेवून जा गा भाऊ," ती त्याला म्हणाली. "तवा ठेवला आहे."

तो नको नको म्हणत दोन पोळ्या जेवला. मी फॉर्म घेऊन बसले. गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, सगळं बरोबर जुळत होतं. एक झेरॉक्स कमी होती. परत पाठवायला तेवढं पुरे होतं, आणि माझा हात तिथे थांबला.

"सही करून दे वं," आई म्हणाली. "त्याची चीज आहे ते आता." मग त्याला म्हणाली, "अन् इकडून जात जा गा कधीमधी."

मी तीन ठिकाणी सह्या केल्या. त्याने किक मारली. आवाज कोपऱ्यावर वळून गांधीबागेच्या दिशेने जाईपर्यंत आई फाटकाला धरून उभी होती. मग आत जाऊन तिने गॅस बंद केला.