लॅबच्या वाट्याची मेमरी

वंदनाताई गेल्याचं मला हॉस्पिटलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्यातले पहिले हात व्यवस्थापकांचे. महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही...

भडगावच्या वंदनाताई धुळ्यातल्या आमच्या हॉस्पिटलचा सर्व्हर अकरा वर्षं सांभाळत होत्या. मी त्यांच्या हाताखाली शिकले. एकाच मशीनवर लॅब, औषधं, केसपेपर असे वेगवेगळे कंटेनर, म्हणजे आपापल्या कप्प्यात ठेवलेले प्रोग्राम, चालायचे. कोणी किती मेमरी वापरायची याची मर्यादा ताईंनी घालून दिली होती, आणि सकाळी चहाच्या आधी त्या प्रत्येकाचा वापर पडद्यावर बघायच्या. गेल्या वर्षी व्यवस्थापकांनी हॉलमधल्या टीव्हींसाठी नवा प्रोग्राम आणला. तो मर्यादेला धडकला की बंद पडायचा. "मर्यादा काढून टाका," साहेब म्हणाले. ताईंनी नकार दिला, तोही लेखी. मग मला आमच्या बोलीत म्हणाल्या, "तो एकलाच बठ्ठी मेमरी खाई टाकी, मंग लॅबले काय ऱ्हाई?"

ताई रजेवर गेल्या आणि साहेबांनी माझ्याकडे पासवर्ड मागितला. मी दिला. मर्यादा निघाली. तिसऱ्या दिवशी, ओपीडीच्या ऐन गर्दीत, टीव्हीच्या प्रोग्रामने सगळी मेमरी गिळली आणि लॅबचा डेटाबेस बंद पडला. बाळंतपणाला आलेल्या एका बाईला तातडीने रक्त द्यायचं होतं, आणि तिचा रक्तगटाचा रिपोर्ट मिळेना. लॅबमधल्या नानांनी धावपळ करून तपासणी पुन्हा केली, म्हणून ती वाचली. ठपका मात्र ताईंवर. "सर्व्हर त्यांच्या ताब्यात होता," एवढंच कारण. त्यांचं नकाराचं पत्र फाइलमधून गायब झालं होतं. मी खरं सांगायला निघाले तर ताईंनीच हात धरला. "तुझी नोकरी नवी आहे. बस खाली." मी बसले... त्यांना केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं. आठ महिन्यांनी त्यांचं हृदय बंद पडलं.

शोकसभेत साहेब म्हणाले, "ताई म्हणजे या संस्थेचा कणा." मग मला बसवेना. ताईंच्या पत्राची प्रत माझ्या मेलमध्ये होती, ती उभी राहून वाचली. पासवर्ड मीच दिला होता, तेही सांगितलं. सभागृहात नाना तेवढे माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. चौकशी पुन्हा उघडलेली नाही. मला मात्र नोटीस आली आहे.

काल सर्व्हरवरची मर्यादांची फाइल उघडली. लॅबच्या आकड्याशेजारी ताईंनी मराठीत टीप लिहून ठेवली आहे : 'यातली मेमरी दुसऱ्याला देऊ नये. इथे माणसं वाट बघत असतात.'