आधी उठायचं कोणी?

सन २०२३. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या साली मी अकोल्याच्या एका हॉटेलात जेवायला बसलो आणि उठलोच नाही.

(मेलो नाही. घाबरू नका. उठलो नाही, एवढंच.)

हॉटेल म्हणजे माझ्या लेखी रिसोडच्या स्टँडवरचं. कचोरी, वर तर्री, मग चहा. एसटीचा भोंगा वाजला की उरलेली कचोरी तोंडात कोंबून पळायचं. शहरातल्या हॉटेलात मांडी घालून पोटभर जेवण मला कधी पटलं नाही. ज्या घरची चूल आपण पाहिली नाही तिथं जेवायचं कसं? आणि लोक तिथं जाऊन काय मागवतात, तर वरण! घरी रोज रडतात वरण खाताना! हे माझं मत मी आमच्या गावच्या, म्हणजे रिठदच्या, पारावर कितीदा तरी मांडलं आहे. कोणी विचारलं नव्हतं, तरी मांडलं आहे.

पण या वेळी गोष्ट नातीची होती. शीतल, माझ्या गजाननाची पोरगी, अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे. तिनं आपला आपण पोरगा पसंत केला. निलेश, कारंजा तालुक्यातल्या धनजचा, अकोल्यालाच बँकेत. त्याला वडील नाहीत, म्हणून त्यांच्या घरचा शब्द म्हणजे त्याचे आजोबा नामदेवराव. आमच्या घरचा शब्द म्हणजे मी. (गजानन आहे, पण तो नुसता हुंकार.) दोन्ही आजोबांनी एकदा जेवता जेवता हो म्हटलं की सोयरीक पक्की. ना आमच्या घरी, ना त्यांच्या घरी, मधात अकोल्याच्या हॉटेलात जेवायचं, असं पोरांनी ठरवलं.

आता खरं सांगायला लाज कायची? शीतलच्या आधीच्या दोन सोयरिका मीच मोडल्या होत्या. एका पाहुण्यानं आमच्या विहिरीच्या पाण्याला मचूळ म्हटलं. त्याला मी तिथूनच त्याच्या गावची वाट दाखवली. दुसऱ्या वेळी नवरदेवाचा मामा म्हणाला, रिठदपेक्षा आमच्याकडची तूर लवकर शिजते. त्याची डाळ मी शिजू दिली नाही.

म्हणून जीपमध्ये बसल्या बसल्या शीतलनं माझा हात धरला.

"आबा, मले वचन द्या. तिथं एक शब्द बोलाचा नाई. तोंड उघडजा ते फक्त जेवाले."

"अन् त्यायनं काई इचारलं तं?"

"मान हालवजा."

"उभी का आडवी?"

"आबा!"

दिलं वचन. मी एकदा वचन दिलं की मोडत नाही. हाच माझा मोठा गुण आहे आणि त्या दिवशी त्यानंच घात केला.

हॉटेलच्या दारात एक उंचापुरा माणूस उभा. डोक्याला लाल फेटा, मिशांना पीळ, हात जोडलेले. मला पाहून तो कमरेतून वाकला आणि माझ्या कपाळाला त्यानं कुंकू लावलं! आमच्याकडं फेटा बांधून, दारात येऊन, कुंकू लावून कोण घेतं? व्याही! मनात म्हटलं, बाप्पा, माणूस खानदानी निघाला! मी त्याला कडकडून भेटलो. एकदा या खांद्याला, एकदा त्या खांद्याला. व्याह्यासाठी टोपी-दुपट्टा आणला होता तो पिशवीतून काढला, दुपट्टा त्याच्या गळ्यात टाकला, आणि टोपी फेट्यावर बसेना म्हणून दाबू लागलो.

"आबा!" गजाननाचा आवाज चिरकला. "सोडा त्याले! तो हॉटेलातला मानूस व्हय! व्याही मांगं उभे हायेत!"

मागं पाहतो तर पांढरा सदरा-पायजमा घातलेला एक काटकुळा बुढा शांतपणे आमची व्याहीभेट पाहून राह्यला होता. ते नामदेवराव. मी बोलू तर शकत नव्हतो. नुसती मान हालवली. (आडवी, घाबरून.) नामदेवराव म्हणाले, "राहू द्या, मानसाले मानूस भेटला." टोपी गजाननानं ओढून आणली. दुपट्टा मात्र परत मिळाला नाही. फेटेवाला छातीला हात लावून म्हणाला, "दादाजी ने प्यार से दिया है!"

आत गेलो. थंडी अशी, की पूस महिन्यातल्या रातीही आमच्या वावरात एवढं कुडकुडत नाही. दिवसाढवळ्या पडदे लावून मिणमिणते दिवे! ताटात काय आहे ते हात लावल्याशिवाय समजू नये अशी सोय. बसायला गादीची खुर्ची. तिच्यात बसलो तर मी खालीच गेलो, आणि माझी हनुवटी टेबलाला लागली. समोर नामदेवरावांची फक्त टोपी आणि डोळे दिसत होते.

एका फेटेवाल्यानं अदबीनं विचारलं, "दादाजी, स्टार्टर?"

मी गजाननाकडं पाहिलं. आमच्या विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर चार दिवसांपूर्वी जळाला होता खरा. पण ही गोष्ट अकोल्यापर्यंत पोचली कशी? वचन होतं म्हणून विचारलं नाही. पुढं भजे आले तेव्हा उलगडा झाला.

मग आलं ताट. ताट मोठं, आणि त्यात बारा वाट्या! वाट्या कसल्या, आमच्या घरची कुंकवाची डबी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. फुलका तर एवढासा, की पहिला कधी संपला ते मलाही समजलं नाही. पण जेवण, खोटं कशाला बोलू, चांगलं होतं. वरणसुद्धा. हे मी पारावर अजून सांगितलेलं नाही.

अर्ध्या घंट्यात माझं पोट भरलं. ताट चाटून साफ केलं, कारण ताटात अन्न टाकणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मला नाही. आता उठायचं. पण आमच्याकडं पंगतीचा कायदा पक्का आहे : पोरीकडच्यांनी पोराकडच्यांच्या आधी उठायचं नाही. उठलं तर म्हणतात, पाहा, यांना आमची किंमत नाही! मी नामदेवरावांकडं पाहिलं. त्यांचंही ताट साफ. पण बुढा हालेना.

तेवढ्यात फेटेवाला आला आणि दोन फुलके टाकून गेला.

मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. आमच्या पंगतीत हात आडवा धरला की वाढणाऱ्याला जोर चढतो. तिथंही तोच चढला! त्यानं माझ्या बोटांच्या फटीतून तूप सोडलं. मी दोन फुलके खाल्ले. नामदेवरावांनी दोन खाल्ले. मी थांबलो. ते थांबले. ताटं रिकामी दिसली की फेटेवाला हजर!

निलेश हळूच त्याला म्हणाला, "भाई, इनको मत दो अब."

"साहब, थाली खाली नहीं दिखनी चाहिए, मालिक का हुकूम है."

तिकडं मालकाचा हुकूम, इकडं घराण्याचा हुकूम, आणि दोन्ही हुकमांच्या मधात माझं एकटं पोट! चार फुलके झाले. खिचडी झाली. कढी झाली. समोर तो काटकुळा बुढा वाटीमागून वाटी रिचवून राह्यला होता. एवढ्याशा अंगात ठेवतो कुठं? मला वाटलं, हा माझी परीक्षा पाहून राह्यला. रिठदचा माणूस किती दम धरतो, पाहू! मग मीही पेटलो. कमरेचा करगोटा गजाननाकडून मागच्या मागं ढिला करून घेतला.

निलेशची आई गोड आवाजात म्हणाली, "आबांची तब्येत लय चांगली हाये हं या वयात."

शीतलचं तोंड उतरलं. गजाननानं मला इशारा द्यायला टेबलाखालून लाथ मारली. ती लागली नामदेवरावांना! ते दचकले. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? हसलो. तेही हसले. फेटेवाल्याला वाटलं, दोन्ही म्हातारे खुश आहेत. त्यानं दोघांच्या ताटात दोन-दोन गुलाबजाम सोडले.

पहिला गुलाबजाम कसाबसा गेला. दुसरा गळ्यात येऊन बसला आणि आत जावं का बाहेर, याचा विचार करू लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शीतलकडं पाहिलं तर तिच्याही डोळ्यांत पाणी. तिला वाटत होतं, आबा तिसरी सोयरीक मोडून राह्यले. या वेळी तोंडानं नाही, पोटानं.

"आबा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "उठा ना आता. दोन घंटे झाले."

मी डोळ्यांनीच नामदेवरावांकडं खूण केली.

"डोये काय मिचकावता? बोला की!"

मी बोट ओठांवर ठेवलं.

"मीच म्हनते ना, बोला!"

गुलाबजाम गिळला आणि धरणाचं दार उघडलं. "अवं माय, पोरीचा आजा पोराच्या आज्याच्या आधी उठत असते काय? ते उठतीन तवा मी उठीन!"

नामदेवरावांनी हातातला चमचा खाली टाकला. "अन् मी कसा उठू? तुमी वयानं मोठे! मोठा मानूस उठल्याबिगर उठनं आमच्या धनजात बसत नाई!"

"मंग तुमी खाऊन काहून राह्यले?"

"तुमी खाऊन राह्यले म्हून!"

"मी तं तुमी खाऊन राह्यले म्हून खाऊन राह्यलो!"

बाजूच्या टेबलावरचे लोक जेवायचं सोडून आमच्याकडं पाहू लागले. आता एकच तोड होती. आयुष्यभर मी सगळ्यांना सांगत आलो, मी तुमच्यापेक्षा मोठा, मला शिकवू नका. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, "मी मोठा नाई. तुमीच मोठे. उठा."

"मी कायचा मोठा? माहे दात पाहा, सारे हायेत!"

"माहे केस पाहा, अजून काये हायेत!"

"ते मेंदी लावून हायेत आबा," गजानन म्हणाला. एरवी नुसता हुंकार, पण नको तिथं शब्द फुटतात.

"आधार काढा!" नामदेवराव गरजले.

दोघांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. निलेशनं दोन्ही कार्डं दिव्याखाली धरली, वाचली आणि डोकं धरून बसला. माझी जन्मतारीख : एक जानेवारी एकोणीसशे एकोणपन्नास. नामदेवरावांची : एक जानेवारी एकोणीसशे एकोणपन्नास. ज्याला तारीख माहीत नाही त्या प्रत्येकाला आमच्या भागात एक जानेवारीलाच जन्माला घातलेलं आहे! मी तर त्या कार्डवाल्याला सांगितलं होतं, आई म्हणायची तुरीला फूल होतं. पण त्याच्या मशिनीत तुरीचा रकाना नव्हता.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय," नामदेवराव म्हणाले, "बसू."

आणि खरंच बसलो! फेटेवाला गुलाबजामचं भांडं घेऊन येताना दिसला. दोघांनी एकदमच डोळे मिटले.

तेव्हा शीतल उठली. आमच्या दोघांच्या मधात येऊन तिनं एक हात माझ्या ताटावर ठेवला, एक हात नामदेवरावांच्या ताटावर, आणि फेटेवाल्याकडं असं पाहिलं की तो भांड्यासकट मागं सरकला. ते नर्सचं पाहणं होतं. आडदांड पेशंट त्या नजरेपुढं सुई टोचून घेतात.

"आबा, मी तुमच्या घरची ना?"

"व्हय."

मग ती नामदेवरावांकडं वळली. "अन् आजोबा, तुमच्या मनात असंल तं, मी तुमच्याही घरची ना?"

नामदेवरावांनी आधी आपला करगोटा सैल केला. (पोटात जागा नव्हती, आवाजाला वर यायला वाट हवी.) मग म्हणाले, "व्हय माय. जो बुढा नातीसाठी पोट फुटेस्तोवर तोंडातून शब्द काढत नाई, त्या घरची पोरगी आमी सोडतो काय?"

"मंग मी दोन्ही घरची. मी उठली. आता तुमी दोघंही उठा. कोनीच आधी नाई, कोनीच मांगून नाई."

असा तोडगा आमच्या पंचायतीत कोणाला सुचला नसता. सरपंचालाही नाही. सोयरीक तिथंच पक्की झाली आणि आम्ही दोघं उठलो. म्हणजे उठायचं ठरवलं. त्या गादीतून प्रत्येकाला काढायला दोन-दोन फेटेवाले लागले.

घरी आल्यावर सगळे खुश. बोलता बोलता गजानन म्हणाला, "आता लग्नाची पंगत धनजले."

मी बाजेवर आडवा झालो होतो, तो तसल्या पोटानंही ताडकन उठून बसलो. धनजची पंगत! शेजारी नामदेवराव! तारीख तीच, साल तेच! आणि प्रत्येक वेळी शीतल कुठून आणायची? ती तर बोहल्यावर असणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता मी रिसोडला गेलो, आधारच्या केंद्रावर. तिथला माणूस म्हणाला, "आबा, पुढच्या साली पंच्याहत्तर भरले की एसटी फुकट होते तुमाले. लोक वय वाढवून मांगतात, तुमी कमी कायले करता?"

"तू दोन वर्षं कमी कर. मी लहान ठरलो का आधी उठनं व्याह्यावर. एसटीपेक्षा जीव मोठा हाये."

तेवढ्यात फोन वाजला. नामदेवराव! "व्याही, एक इचारू का? आधारवर जन्माचं साल कमी कराले कोनता कागद लागते? मी कारंज्याले लाइनीत उभा हावो."

"मले काय मालूम बाप्पा!" मी म्हटलं. "मी तं वावरात हावो. हरभरा पाहून राह्यलो."

आणि केंद्रावरचा तो माणूस सगळ्या रिसोडला ऐकू जाईल असा ओरडला, "आबा, फोन ठेवा अन् इकडं पाहा, आधारचा फोटो काढाचा हाये!"

पाहिलं. फोटो साफ आला. त्यात मी दोन वर्षांनी लहान दिसत नाही, हरभरा चोरताना सापडलेला दिसतो.