कोपरा सुटेपर्यंत

खापरच्या बाजारात विम्यावर व्याख्यान दिलं तेव्हा मी तळोद्याच्या वकिलांत वयाने सगळ्यात लहान आणि तोंडाने सगळ्यात मोठा होतो. शाळेच्या कमिटीवर मी, वाचनालयात मी, कुणाचा तंटा मिटवायचा तरी मीच. चार लोकांत उठबस नसेल त्या वकिलाच्या ओट्यावर पक्षकार चढत नाही, हे मला सीनियरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. समोर बसलेले व्यापारी मारवाडातून येऊन स्थायिक झालेले. आगीचा विमा काढणं म्हणजे आगीला आवतण धाडणं, असं एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. एक तरुण कापडवाला तेवढा हसला नाही.

"वकीलसाहेब सांगतस म्हणजे खरंच व्हई," तो म्हणाला आणि पुढच्याच आठवड्यात माझ्याकडून फॉर्म भरून घेऊन गेला. मुंबईहून पॉलिसी आली ती त्याने माझ्याच कपाटात ठेवायला दिली. इंग्रजी कागद घरी ठेवून काय करायचा, असं त्याचं म्हणणं.

दोन वर्षांनी भर दुपारी त्याच्या दुकानाला आग लागली. माल वाचवायला तो आत शिरला आणि भाजून चौथ्या दिवशी गेला. दुकानात रॉकेलचा साठा होता असं सांगून कंपनीने महिन्याभरातच भरपाई नाकारली. रॉकेल शेजारच्या दुकानातलं होतं आणि तसं सांगायला अर्धं खापर तयार होतं. दावा आम्ही जिंकणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. फक्त कागदावर त्याच्या बायकोचा अंगठा हवा होता.

त्यांच्यात नवरा गेला की बाई सहा महिने घराच्या एका कोपऱ्यात बसते, परक्या माणसासमोर येत नाही. कागद घरी नेऊन तिचा अंगठा घेऊ का, असं तिचा दीर विचारायला आला, तर मीच त्याला झापलं.

"तिला सुखाने रडू तरी द्या! कोपरा सुटेपर्यंत मी कागद पाठवणार नाही. कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे."

हे माझं बोलणं गावभर झालं. वकील असावा तर असा, असं लोक म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

कोपरा सुटल्यावर दावा लावला. पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलाने पॉलिसी उलटी करून न्यायाधीशांपुढे ठेवली. मागे बारीक अक्षरांत अट होती: भरपाई नाकारल्यापासून तीन महिन्यांत दावा केला नाही तर हक्क संपला. अडीच वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता आणि मी त्याची मागची बाजू वाचलीच नव्हती. दावा फेटाळला गेला. साक्षीदार बाहेर चिंचेखाली बसले होते, त्यांना आत बोलवायची वेळच आली नाही. दुकानाचा विमा निघतो, वकिलाच्या गाढवपणाचा निघत नाही.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी करून खापरला गेलो. चूक माझी, एवढंच सांगायचं होतं. ओसरीवर सासू बसली होती, सून दाराआड उभी होती. दावा लावायला उशीर झाला म्हणून तो फेटाळला गेल्याचं मी सांगितलं, आणि पुढचं बोलायच्या आतच दाराआडून आवाज आला.

"हाई मन्हामुयेच व्हयनं, भाऊसाहेब. मन्हा कोपरामुये."

सासूने तिकडे पाहिलंही नाही. "तुन्हा कोपरानं दुकान खाई टाकं," ती म्हणाली.

दाराआड ती रडायला लागली. मला बोलायला एवढा वेळ होता की समोरचा चहा गार झाला. मी भित्रा होतो. माझं नाव, माझा ओटा, माझे पक्षकार, सगळं त्या वेळी डोळ्यांपुढे आलं. "कुणाचीच चूक नाही, नशीब म्हणायचं," एवढं पुटपुटून मी उठलो.

जळलेलं दुकान पुन्हा उभं राहिलं नाही. ती बाई सासूच्या हाताखाली त्याच घरात राहिली आणि सासू तेच वाक्य आल्यागेल्याला ऐकवत राहिली, असं कानावर यायचं.

पुढच्या वर्षी वकिलांनी मला आपल्या मंडळाचा अध्यक्ष केलं. सत्काराला तिचा दीर खापरहून हार घेऊन आला होता. "वहिनीनी धाडा शे," तो म्हणाला. मी मान वाकवून तो घालून घेतला.